तालमीतली विद्या पुढच्या पिढीकडे कशी जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल मातीतली कुस्ती शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि कुस्तीबद्दल जिज्ञासा असणारे लोक जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर पश्चिम महाराष्ट्रातल्या, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या पट्ट्यातल्या तालमींवर आहे. तालीम बदलली की पद्धत थोडी बदलते. तसा फरक महत्त्वाचा असेल तिथे तो सांगितला आहे.

तालमीत नेमकं शिकवतात काय? डावांची यादी का?

यादी शिकवून कुणी पैलवान झालेला नाही. पन्नास डावांची नावं आठवड्यात पाठ होतील, पण अंगात एकही उतरणार नाही. तालमीत साखळी शिकवली जाते: डाव, त्या डावाची तोड (म्हणजे त्याला दिलेलं उलट उत्तर), आणि तोड आली की तिच्यावरची तोड. एकेरी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायला गेलात आणि समोरच्यानं पाय मागे टाकून भार दिला, तर आता काय? या ‘आता काय’चं उत्तर हीच तालमीची खरी पुंजी. वस्ताद ज्याला ‘हा शिकलेला आहे’ म्हणतात, त्याच्याजवळ तीन-चारच डाव असतात, पण प्रत्येकाची साखळी तीन-चार कड्यांपर्यंत त्याच्या अंगात मुरलेली असते.

म्हणून एखादी परंपरा जिवंत आहे की नाही हे बघायचं असेल तर किती डाव माहीत आहेत हे विचारू नका. एक डाव घ्या आणि ‘यावर तोड काय?’ असं विचारत जा. उत्तरं किती खोल जातात ते बघा.

एक डाव शिकणाऱ्याच्या अंगात कसा उतरतो? टप्पे असतात का?

असतात, पण ते कुठे लिहून लावलेले नसतात. एकेरी पटाचं उदाहरण घेऊ.

पहिला टप्पा म्हणजे डाव अंगावर घेणं. नवा मुलगा आला की थोरले पैलवान त्याच्यावर डाव करून बघतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, लहान पोराला उगीच पाडताहेत. पण इथेच शिक्षण सुरू होतं. दोनशे वेळा पट निघाल्यावर मुलाला हे कळतं की पाय उचलला जाण्याच्या आधी क्षणभर त्याच्या पुढच्या पायावर भार आलेला असतो. हे डोळ्यांना दिसत नाही, ते मांडीलाच कळतं. पडायचं कसं तेही तो इथेच शिकतो: हनुवटी छातीला, हात टेकवायचा नाही, पाठ गोल. हात टेकवून पडणाऱ्याचं मनगट किंवा कोपर जातं, म्हणून वस्ताद पहिले काही आठवडे फक्त याच गोष्टीवर ओरडत असतात.

दुसऱ्या टप्प्यात विरोध न करणाऱ्या जोडीदारावर सावकाश डाव. पवित्रा घ्यायचा, गुडघ्यातून खाली जायचं, पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या जवळपास टाकायचा, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे, छाती मांडीला चिकटलेली, डोकं त्याच्या बरगडीला आतून दाबलेलं, नजर वर. मग सरळ मागे न ओढता कोनात वळून बसवायचं. रोज दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा, म्हणजे चाळीस झाले.

इथे तीन चुका हमखास होतात. गुडघ्याऐवजी कंबरेतून वाकणं: मग डोकं खाली जातं आणि समोरचा मानेवर भार टाकून तोंड मातीत घालतो. लांबून हात टाकणं: हात पोचतात, छाती पोचत नाही आणि पाय सहज निसटतो. आणि पाय हातात आल्यावर थांबणं. पाय धरून उभा राहिलेला पैलवान स्वतःच अडकलेला असतो, कारण त्याचे दोन्ही हात गुंतलेत आणि समोरच्याचे मोकळे आहेत.

तिसऱ्या टप्प्यात जोडीदार ठरवून एकच तोड करतो: धरलेला पाय मागे फेकायचा, कंबर खाली दाबायची, छातीचा भार पाठीवर. शिकणाऱ्यानं त्यातून बाजूला सरकून मागे जायचं आणि ताबा घ्यायचा. हे जमल्यावरच खुली लढत.

शेवटचा टप्पा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोनेक वर्षांनी वस्ताद त्या मुलाला सांगतात, ‘त्या बारक्याला पट दाखव.’ आजवर अंगाला जे आपोआप जमत होतं, ते आता त्याला शब्दांत आणि हातांनी सांगावं लागतं. तिथे त्याच्याच डावातल्या फटी उघड्या पडतात. एक पिढी पुढे सरकते ती इथे. वय वाढलं म्हणून नव्हे, तर शिकवायची जबाबदारी आली म्हणून.

डावांना धोबीपछाड, मोळी, कैची अशी नावं का असतात?

नाव हीच डावाची आठवण असते. बहुतेक वस्तादांनी काही लिहून ठेवलं नाही, पण नाव उच्चारलं की चित्र उभं राहतं. धोबीपछाड म्हटलं की दगडावर धुणं आपटणारा धोबी दिसतो. प्रतिस्पर्ध्याचा हात दोन्ही हातांनी धरायचा, वळून त्याच्याकडे पाठ करायची, हात खांद्यावरून पुढे ओढायचा आणि वाकून त्याला पुढे आपटायचं. मोळी म्हणजे मान आणि पाय एकत्र आणून लाकडाच्या मोळीसारखं बांधणं. सवारी म्हणजे खाली असलेल्याच्या पायात पाय गुंफून पाठीवर स्वार होणं. आतली टांग आणि बाहेरची टांग या नावांतच पाय कुठून घालायचा ते सांगितलं आहे.

मात्र चित्रातून न दिसणाऱ्या गोष्टी असतात आणि डाव फसतो तो तिथेच. धोबीपछाडीत आपली पाठ आणि त्याची छाती यांत वीतभर जरी फट राहिली तरी तो उचलला जात नाही. आपली कंबर त्याच्या कंबरेपेक्षा खाली हवी. ती वर राहिली तर तो मागून कमरेला मिठी घालतो आणि आपण स्वतःच त्याला पाठ देऊन ताबा बहाल केलेला असतो. नावात हे सामावत नाही, ते हात लावूनच सांगावं लागतं.

आणखी एक अडचण: एकाच नावाचा डाव दोन तालमींत थोडा वेगळा असू शकतो, आणि एकाच डावाला दोन नावं असू शकतात. आपली आतली टांग उत्तरेत गेली की भीतरी टांग होते. दुसऱ्या तालमीत गेलेल्या मुलानं नावावर वाद घालू नये. ‘करून दाखवा’ म्हणावं.

इतक्या जोर-बैठका कशासाठी? सरळ डाव का शिकवत नाहीत?

कारण मेहनतीतच निम्मे डाव दडलेले आहेत. हे नीट समजून न घेता जोर म्हणजे नुसता दमसास वाढवायचा व्यायाम असं धरलं जातं, आणि मग मुलं संख्या भरायच्या नादात आकार बिघडवतात.

जोराचा शेवट बघा. पाय मागे ताठ, कंबर जमिनीजवळ, छाती वर, नजर समोर. पट काढायला आलेल्यावर भार टाकताना अंगाचा आकार नेमका हाच असतो. सपाट्यात उभ्यानं खाली बसून पाय झटकन मागे फेकायचे असतात. पटाची तोड करतानाची हालचाल तीच, फक्त समोर माणूस नाही. रोज शंभर सपाटे मारणारा मुलगा डाव शिकण्याआधीच त्याची तोड शंभर वेळा करून बसलेला असतो. लढतीत कुणी पायाला हात घातला की विचार न करता पाय मागे जातात ते यामुळे.

हौदाचं, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याचं, खोदकामही तसंच. फावडं रोवून माती दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायची, पाठ सरळ, जोर मांड्यांचा. समोरच्याला ओढून आपल्याकडे घेण्याची ताकद यातून येते. मुद्गल फिरवताना खांदा पूर्ण गोल फिरतो आणि पकड सुटता कामा नये. सुरुवातीला दोन-अडीच किलोची जोडी पुरे. जड मुद्गल घेतला की मूल कंबर मोडून तोल सावरतं आणि खांद्याचं काम पाठीवर जातं.

नवशिक्याचं प्रमाण: पंचवीस जोर (पाच-पाचचे पाच फेर) आणि पन्नास बैठका. बैठका जोरांच्या दुप्पट हा जुना हिशेब सोयीचा आहे. आठवड्याला पाच जोर, दहा बैठका वाढवा. जोरात कंबर वरच राहिली, मान खाली लटकली किंवा श्वास कोंडला, तर संख्या तिथेच थांबवा. वाकडे शंभर जोर मारण्यापेक्षा चांगले तीस बरे.

मल्लखांब आणि कुस्ती यांचा काय संबंध?

नावातच तो आहे: मल्लाचा खांब. जोडीदार नसताना पकडी घोटायचं हे साधन. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या सरावाचं वर्णन आहे. त्यात वजन उचलणं, चालणं, पाण्यातला व्यायाम यांच्या जोडीला खांबावरच्या मेहनतीचाही उल्लेख येतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर माकडांच्या उड्या बघून त्यांना हे सुचलं अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांच्या शिष्यपरंपरेतून ही विद्या महाराष्ट्रभर आणि उत्तरेतही पसरली.

एकट्यानं करायचा हा खेळ म्हणजे कुस्तीची लिपी आहे, असं आम्हाला वाटतं. अढीत दोन्ही पायांनी खांब आवळायचा असतो. हीच पायांची आवळ खाली पडलेल्या जोडीदाराला सवारीत धरताना लागते. बगलीत खांब काखेत दाबला जातो. हात बगलेत अडकवून फेकायच्या डावांना हीच ताकद लागते. सुईदोऱ्यात स्वतःच्याच हाताच्या फटीतून अंग ओवून काढायचं असतं. पकडीतून निसटणाऱ्याचं अंग असंच वळतं. फिरकी, वेल, दसरंग या सगळ्यांत धरलेलं न सोडता अंग फिरवणं हा एकच धडा निरनिराळ्या रूपांत येतो.

जमिनीत पुरलेला खांब वर साधारण साडेआठ फूट असतो. बुंध्याशी जाड, वर निमुळता होत जातो, मग मान आणि सर्वांत वर बोंड. लाकूड सागवान किंवा शिसवी. एरंडेल लावतात ते कातडीला चटका बसू नये आणि घर्षण नेमकं राहावं म्हणून. तेल जास्त झालं तर अढी सुटते आणि मूल डोक्यावर येतं. कमी झालं तर मांडी सोलवटते. तेल हाताला चोपडं लागावं, पण ओघळू नये.

मल्लखांब आता स्वतंत्र स्पर्धेचा खेळ आहे आणि त्यात काही वावगं नाही. पण त्याचं नातं कुस्तीशी तुटलं की अढी हा नुसता आकार उरतो. कुस्तीगिराला मल्लखांब शिकवताना प्रत्येक पकडीनंतर लगेच जोडीदारावर तीच पकड करून घ्यावी. पाच मिनिटं जास्त लागतात, पण अर्थ टिकतो.

वस्ताद एक डाव राखून ठेवतात, हे खरं का?

मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढणं शिकवलं नाही, ही गोष्ट प्रत्येक तालमीत ऐकायला मिळते. राखून ठेवणारे वस्ताद असतील, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा ज्याला मुलं राखून ठेवणं म्हणतात ते थांबून राहणं असतं. कलाजंगात समोरच्याचा हात धरून त्याच्या अंगाखाली शिरायचं आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन टाकायचं असतं. मान आणि पाठ तयार नसताना हा डाव शिकवला तर मणक्याला इजा होते, आपल्याही आणि जोडीदाराच्याही. म्हणून वस्ताद मुलाची मान बघतात, त्याचा पूल (डोकं आणि पाय टेकून अंग कमानीसारखं उचलणं) किती वेळ टिकतो बघतात, मगच सांगतात.

नुकसान होतं ते वेगळ्या कारणानं. वस्ताद थांबतात, मूल त्याआधीच तालीम सोडून जातं आणि डाव वस्तादांजवळच राहतो. दोष कुणाचाच नसतो, पण साखळीतली एक कडी कायमची जाते.

वारसा घराण्यातून जातो की पठ्ठ्याकडे, म्हणजे शिष्याकडे?

दोन्ही वाटा आहेत. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचे पहिले गुरू त्यांचे वडील दादासाहेब. पुढे कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्याकडे त्यांचं शिक्षण झालं. दुसरीकडे बडोद्याच्या जुम्मादादांची तालीम त्यांचे पठ्ठे माणिकराव यांनी पुढे नेली. उस्ताद मुसलमान, पठ्ठा मराठी हिंदू. तालमीत धर्म आणि जात हौदाबाहेर ठेवायची रीत जिथे पाळली गेली तिथे विद्या लांब गेली. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. त्यानंतर त्यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत अनेक पिढ्या घडवल्या. त्यांच्या हाताखालून गेलेले पैलवान पुढे आपापल्या भागात वस्ताद झाले.

मुलगाच वारस हवा या हट्टानं काही तालमी बंद पडल्या. मेहनत करणाऱ्याच्या हातात किल्ली द्यावी.

राजाश्रय गेल्यावर ही परंपरा कशी टिकली?

राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक आणि आसरा दिला, तालमींना बळ दिलं आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं. ते १९१२ साली पूर्ण झालं. मैदानाची रचनाच शिकण्याला पोषक आहे: मध्ये हौद आणि भोवती उतरत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही पाय कुठे पडला ते दिसतं. जाणता प्रेक्षक हा परंपरेचाच भाग आहे. खडाखडी, म्हणजे डाव न टाकता नुसतं एकमेकांना चाचपणं, लांबली की तो ओरडतो आणि चांगली तोड झाली की कुस्ती निकाली न लागताही दाद देतो.

संस्थानं गेल्यावर गावोगावच्या जत्रांनी भार उचलला. जत्रेतलं मैदान रेवड्यांवरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरू होतं, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, शेवटी मोठी जोड. सात-आठ वर्षांचं पोरगं त्याच हौदात, त्याच हलगीच्या ठेक्यावर लढतं जिथे संध्याकाळी नामांकित पैलवान लढणार असतात. आणि आपली कुस्ती झाल्यावर ते काठावर बसून मोठ्यांची बघतं. जुने पैलवान पंच असतात, जोड तेच लावतात. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेनं या सगळ्याला वरची पायरी दिली. पहिले मानकरी दिनकर दह्यारी.

हौदाची माती मुलांकडूनच का तयार करून घेतात?

कारण माती ओळखता येणं हीही विद्या आहे. लाल माती आधी बारीक चाळून घेतात, एकही खडा राहता कामा नये. त्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालतात. प्रमाण हौदाच्या आकारावर आणि तालमीच्या ऐपतीवर ठरतं. हळद आणि कापूर कातडीच्या त्रासासाठी, तेल धूळ बसावी म्हणून, ताकानं माती मऊ राहते.

ओल तपासायची सोपी खूण: मूठभर माती दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. गोळाच झाला नाही तर माती कोरडी आहे. धूळ नाकातोंडात जाईल आणि अंग सोलवटेल. टिचकीनं फुटला नाही तर ओली आहे. पाय रुततील आणि वळताना गुडघा मागे राहील. गुडघ्याच्या बऱ्याच दुखापती अशा मातीत होतात.

रोज लढतीआधी वरची वीत-दीड वीत माती खणून भुसभुशीत करायची. चार दिवस खणली नाही तर ती सिमेंटसारखी बसते. कोपऱ्यांकडे खास लक्ष द्या, कारण खणणारा मध्यभागी मन लावतो आणि काठ कडक राहतात, आणि पैलवान पडतात ते बरेचदा काठाशी. ज्याच्या अंगावर नायटा किंवा गजकर्ण आहे त्याला बरं होईपर्यंत हौदात उतरू देऊ नये. एकाकडून आठवड्यात दहा जणांना होतं.

मातीऐवजी मॅटवर, म्हणजे गादीवर, गेल्यानं जुनी विद्या संपते का?

संपत नाही, पण तिची निवड होते, आणि ती निवड नियम करतात. मातीत चितपट झाली की कुस्ती निकाली लागली, गुणांचा हिशेब नाही. मॅटवरच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबते. खाली आलेल्यावर काही घडत नसेल तर पंच उभं करतात. त्यामुळे घिस्सा, सवारी, मोळी असे जमिनीवर धीर धरून, हळूहळू घट्ट करत जाणारे डाव मॅटवर वापरायला वेळच मिळत नाही. उलट पट झपाट्यानं काढणाऱ्याचं फावतं, कारण पाय रुतत नाहीत.

मातीतून मॅटवर जाणाऱ्याला पहिले दोन-तीन महिने दोन गोष्टी त्रास देतात. मातीत पाय ओढत वळायची सवय असते, मॅटवर बूट चिकटतो आणि गुडघा पिळतो. पाय उचलून वळायला शिकावं लागतं. आणि खडाखडीत वेळ काढायची सवय. मॅटवर निष्क्रियतेला शिक्षा आहे.

तरीही मातीतून मॅटवर जायची वाट आहे हे खाशाबांनी दाखवलं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मॅटचा सराव तोवर त्यांना फारसा नव्हता. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्य. त्यांचा हुकमी डाव ढाक (कंबरेवरून फेकायचा डाव) होता, जो मातीतलाच. वय पंधरा-सोळापर्यंत मातीत पाया आणि मग दोन्हीकडे, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. लहानपणापासून फक्त मॅट केलेल्या मुलाला जमिनीवरचा धीर नंतर क्वचितच येतो.

मुलींना तालमीत जागा आहे का?

आहे, आणि वाढते आहे. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. अडचण कौशल्याची नाही, मधल्या पिढीची आहे. मुलींना डाव अंगावर द्यायला थोरल्या पैलवान बायका अजून कमी आहेत. ज्या आज लढताहेत त्यांना दहा वर्षांनी वस्ताद म्हणून हौदाच्या काठावर जागा द्यावी, म्हणजे हा प्रश्न सुटेल.

परंपरा नेमकी कुठे तुटते?

लोकांना वाटतं, म्हातारे वस्ताद गेले की विद्या गेली. बहुतेकदा ती त्याआधीच गेलेली असते, मधल्या फळीतून. वीस ते पस्तीस वयाचे थोरले पैलवान हे तालमीचे खरे शिक्षक. वस्ताद काठावर बसून शब्दांत सांगतात, अंगानं शिकवतात ते थोरले. नोकरी, दुखापत, इनामासाठी सतत मैदानं, किंवा दुसऱ्या तालमीत जाणं यामुळे ही फळी विरळ झाली की दहा वर्षांचं पोर दहा वर्षांच्याच पोराशी लढत राहतं. दोघंही एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतात.

ज्या तालमीत पन्नास मुलं आणि दोनच थोरले आहेत, तिथे प्रवेश वाढवण्याआधी दोन थोरल्यांना खुराकाचा खर्च देऊन थांबवून घ्या. नवीन यंत्रांपेक्षा तो पैसा जास्त कामी येतो.

खुराकही पिढ्यान्‌पिढ्या तोच का?

दूध, तूप, भिजवून सोललेले बदाम, थंडाई. ती कुंडीत घोटायचं काम लहान मुलांचं. मेहनत चालू असेपर्यंत हे पचतं. मेहनत सुटली आणि खुराक तोच राहिला की वजन, साखर आणि सांध्यांचा त्रास सुरू होतो. मेहनत कमी करताना खुराक त्याच महिन्यात कमी करायचा, हे वस्तादांनी शिकवलं पाहिजे आणि फार थोडे शिकवतात.

परदेशात किंवा शहरात तालीम नाही. मुलाला काय शिकवता येईल?

जोर, बैठका, सपाटे, दोर चढणं, पूल. पडायला शिकवा, जाड गादीवर. जवळ कुस्तीचा किंवा ज्युदोचा क्लब असेल तर तिथे घाला, पकडीची समज तिथेही येते. डाव मात्र व्हिडिओ बघून घरी एकमेकांवर करू देऊ नका, मानेचे तर मुळीच नाही. सुट्टीत गावी आल्यावर सलग तीन आठवडे तालमीत घालता आलं तर वर्षभराच्या मेहनतीला दिशा मिळते.

घरी किंवा गावात वयस्कर वस्ताद आहेत. त्यांची विद्या कशी टिपून ठेवावी?

बडोद्याच्या व्यायामज्ञानकोशानं दहा खंडांत केवढी तरी माहिती जमवली, तिचं मोल मोठं आहे. पण चित्रात डावाची सुरुवात आणि शेवट दिसतो, मधला भार दिसत नाही. व्हिडिओतही हीच उणीव राहते, म्हणून तो नीट आखून करा.

वस्तादांना खुर्चीवर बसवून ‘सांगा’ म्हणू नका, शब्द लगेच संपतात. दोन शिकलेली मुलं त्यांच्यासमोर आणा. मुलांनी डाव सावकाश करावा आणि वस्तादांनी हातानं धरून दुरुस्त करावं. ‘हात इथे नाही, इथे’ असं ते म्हणतील तेच तर टिपायचं आहे. दोन कॅमेरे ठेवा: एक समोरून पूर्ण अंगाचा, एक बाजूनं पायांचा. वर उभं राहून केलेलं चित्रण दिसायला छान असतं, पण पाय झाकले जातात. प्रत्येक डाव तीनदा: सावकाश, नेहमीच्या वेगानं, आणि समोरचा विरोध करत असताना.

प्रत्येक डावाला पाच प्रश्न विचारा. याचं नाव काय, आणि दुसरं नाव आहे का? तुम्हाला कुणी शिकवला? कधी करायचा, समोरच्याचं अंग कसं असताना? कुठे चुकतं? यावर तोड काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं की त्या तोडीवरची तोड विचारा, आणि उत्तर थांबेपर्यंत विचारत राहा. एका बैठकीत दोनच डाव घ्या. तिसऱ्याला वस्ताद थकतात आणि थोडक्यात सांगू लागतात.

चित्रण झालं की त्याच दोन मुलांनी ते डाव पुढचे पंधरा दिवस रोज करावेत आणि पुन्हा वस्तादांना दाखवावेत. दुसऱ्या भेटीत ते ज्या गोष्टी दुरुस्त करतात त्या पहिल्या चित्रणात बहुधा नसतात. म्हणून दुसऱ्या भेटीतही कॅमेरा लावा.